चिमणीचा खोकला आणि केसांचा गोळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिंचवडच्या एका फ्लॅटमधली चार वर्षांची देशी मांजरी, नाव चिमणी. महिनाभर अधूनमधून खोकते, जास्त करून रात्री आणि पहाटे. खाणं-पिणं नेहमीसारखं, खेळणं थोडं कमी झालंय. सासूबाई म्हणतात घशात केस अडकलेत, चमचाभर पातळ तूप पाजा. नवरा म्हणतो मुलाचं कफ सिरप घरात आहेच, दोन थेंब देऊन बघू. हेअरबॉलच्या पेस्टच्या दोन ट्यूब संपल्या, फरक शून्य. आता काय करायचं?

मांजरीचं नाव चिमणी ठेवणाऱ्याला आधी माझा नमस्कार. तूप नको. सिरप तर अजिबात नको. आणि पेस्टची तिसरी ट्यूब आणू नका. चिमणी खरोखरच खोकत असेल तर तिचा आजार पोटातला नाही, छातीतला आहे. ती ‘खरोखरच’ खोकतेय का, एवढंच आधी ठरवू.

पुण्यात मांजरं तपासायला लागून मला वीस वर्षं होऊन गेली. सुरुवातीच्या काळात एका बोक्याला मी दोन महिने केसांच्या गोळ्याचीच औषधं देत बसलो होतो. मालकीणबाई सांगायच्या, ‘ओकतो पण बाहेर काही पडत नाही.’ मीही मान डोलवायचो. एके दिवशी तो माझ्यासमोर टेबलावरच खोकला, तेव्हा माझी ट्यूब पेटली. त्याला दमा होता. तेव्हापासून मालकांच्या वर्णनावर मी निम्मा विश्वास ठेवतो आणि मोबाइलवरच्या व्हिडिओवर पूर्ण.

फरक कसा ओळखायचा? उलटी येणार असली की मांजर आधी अस्वस्थ होतं, ओठ चाटतं, लाळ गिळतं, एखाद वेळी वेगळ्याच सुरात ओरडतं. मग पोट भात्यासारखं आत-बाहेर व्हायला लागतं आणि शेवटी काहीतरी बाहेर पडतं. केसांचा गोळा असेल तर तो गोल नसतो, बोटासारखा लांबट असतो, कारण अन्ननलिकेतून पिळवटून येतो. खोकताना चित्र वेगळं असतं. मांजर जमिनीलगत बसतं, कोपरं बाहेर काढतं, मान सरळ पुढे ताणतं आणि कोरडं खक्-खक्-खक् सुरू होतं. पोटापेक्षा छाती आणि गळा हलतो. पाच-दहा ठसके झाले की एक आवंढा गिळून मांजर उठून चालायला लागतं, जणू काही झालंच नाही. छातीतून वर आलेला कफ ते गिळून टाकतं, म्हणून जमिनीवर तुम्हाला काही दिसत नाही. कधी ढास फार लागली तर शेवटी ओकारी येऊन थोडा पांढरा फेस पडतो, आणि मग सगळं घर छातीठोकपणे सांगतं, ‘बघा, उलटीच होती!’

शिंक तुम्हाला ओळखता येते. तिसरा एक प्रकार असतो, नाकाने हवा झटक्याझटक्याने आत ओढल्यासारखा घोरण्याचा आवाज. तो घशाच्या वरच्या, नाकामागच्या भागातून येतो. तरुण मांजरात तो कायम येत असेल आणि झोपेत घोरणंही असेल तर तिथे पॉलिप, म्हणजे मऊ मांसल गाठ, वाढलाय का हे बघावं लागतं. पण तुमच्या वर्णनात तसं काही नाही.

धडधाकट मांजर खोकत नाही. पाणी पिताना एखादा ठसका लागला तर सोडून द्या. माणसाला वर्षातून दोन-तीनदा सर्दी-खोकला होतो आणि आपोआप जातो, तो हिशेब इथे लावायचा नाही. एक महिना हा मांजराच्या खोकल्यासाठी फार मोठा काळ आहे.

आज रात्रीचं काम सांगतो. चिमणी गाढ झोपली की तिच्या छातीकडे बघा. छाती एकदा वर आणि एकदा खाली, हा एक श्वास. 30 सेकंद मोजा आणि दुप्पट करा. घुर्रघुर्र करत असेल तर मोजू नका, आकडा चुकतो. झोपलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला 30 च्या आत हवा. सलग दोन-तीन दिवस 30 च्या वर येत असेल तर डॉक्टरांना फोन करा. 40 च्या वर असेल तर त्याच दिवशी दवाखाना. तीन रात्रींचे आकडे कॅलेंडरवर लिहून आणलेत तर माझं निम्मं काम होतं. दवाखान्यात मोजलेल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, तिथे येईपर्यंत बिचारीचा जीव अर्धा झालेला असतो.

आणि हे दिसलं तर आकडे मोजत बसू नका, निघा: तोंड उघडून श्वास घेणं, प्रत्येक श्वासाला पोट खोल आत ओढणं, हिरड्या निळसर किंवा राखाडी पडणं, कुशीवर आडवं न होता कोपरं पसरून बसून राहणं. कुत्रा धावून आला की जीभ काढून धापा टाकतो, ते त्याचं नेहमीचं आहे. मांजराचं तसं नसतं. तोंड उघडून श्वास घेणारं मांजर अगदी काठावर उभं असतं. अशा वेळी तिला उचलून कुरवाळत बसू नका, पाणी पाजू नका, घशात काही अडकलंय का बघायला जबडा उघडू नका. पेटीत ठेवा, पेटीवर हलका कपडा टाका, गाडीतला एसी लावा आणि निघताना दवाखान्यात फोन करून ऑक्सिजन आहे का ते विचारा. तिथे डॉक्टरांनी लगेच एक्स-रे न काढता तिला आधी ऑक्सिजनमध्ये शांत ठेवलं तर चिडू नका. धापा टाकणाऱ्या मांजराला टेबलावर दाबून धरलं तर ते तिथेच दगावू शकतं.

आता खोकल्याची कारणं. चार वर्षांची, घरातच राहणारी, खाणारी-पिणारी, पण महिनाभर खोकणारी मांजरी समोर आली की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते दम्याचं. माणसाच्या दम्याचाच हा भाऊ. श्वासनलिकांना आतून सूज येते, त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो. नळी निम्मी अरुंद झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. म्हणून कालपर्यंत ‘थोडंसं खोकणारी’ मांजरी आज अचानक धापा टाकायला लागते. बहुतेक मांजरांना तो तरुण ते मध्यम वयात सुरू होतो. सयामी जातीत जास्त दिसतो, पण आपल्या देशी मांजरांनाही सर्रास होतो.

कुत्रा खोकत आला की आम्ही हृदयाकडेही बघतो. मांजरात हृदय बिघडलं तर सहसा खोकला येत नाही, सरळ धाप लागते. छातीत पाणी किंवा पू साठला तरी तेच: श्वास भरभर, खोकला नाही किंवा अगदी कमी. पू बहुधा बाहेर मारामाऱ्या करणाऱ्या बोक्यांच्या छातीत सापडतो, चाव्याची जखम वरून बुजलेली असते आणि आत सडत असते. तुमची चिमणी घरातली आहे, म्हणून हे मागे ठेवतो.

पण ‘घरातली’ म्हणजे नेमकी किती घरातली? बाल्कनीत कुंड्या असतील, पाली असतील, खिडकीत पारवा बसत असेल. मांजराच्या फुफ्फुसात राहणारा एक जंत आहे. त्याची पिल्लं गोगलगाईत वाढतात. त्या गोगलगाईला पाल, उंदीर किंवा पक्षी खातो, आणि त्यांना मांजर खातं. पावसाळ्यात कुंड्यांमध्ये गोगलगाई निघतात हे तुम्हाला सांगायला नको. या जंताने येणारा खोकला हुबेहूब दम्यासारखा असतो, एक्स-रेही कधीकधी तसाच दिसतो. नेहमीच्या विष्ठा तपासणीत तो सहज निसटतो, त्यासाठी ताज्या विष्ठेची वेगळ्या पद्धतीने तपासणी करावी लागते, आणि तीही एकापेक्षा जास्त वेळा. म्हणून बरेच डॉक्टर दम्याचं औषध सुरू करण्याआधी या जंताचं औषध देऊन टाकतात. मीही देतो. स्वस्त आहे, सुरक्षित आहे, आणि नंतर मनात शंका राहत नाही. दर तीन महिन्यांची जंताची गोळी दिलीय ना, मग हा जंत कसा असेल, असं विचाराल. ती गोळी पोटातल्या जंतांच्या हिशेबाने दिलेली असते, फुफ्फुसातल्या जंतासाठी औषध किंवा त्याचे दिवस वेगळे लागतात.

तीन-चार महिन्यांचं पिल्लू खोकत असतं तर मी उलटा क्रम लावला असता: आधी पोटातले गोल जंत, कारण त्यांच्या अळ्या फुफ्फुसातून प्रवास करतात, आणि मग सर्दीचे विषाणू. सर्दीत शिंका, डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड हे जास्त असतं. ट्रायकॅट ही मांजरांची लस त्यासाठीही असते. ती दिली तरी सर्दी होऊ शकते, पण सहसा जिवावर बेतत नाही. दहा-बारा वर्षांचं मांजर असतं तर गाठीची शंका वर आली असती. वयानुसार यादी बदलते, म्हणून शेजारणीच्या मांजराला लागू पडलेलं औषध तुमच्या मांजराला द्यायचं नाही.

घशात खरोखरच काही अडकलं असेल तर? मांदेलीचा काटा, कोंबडीच्या हाडाची किर्च, सुईदोरा. तो प्रकार अचानक सुरू होतो, महिनाभर रेंगाळत नाही. मांजर पंजाने तोंड ओरबाडतं, लाळ गळते, खायला जातं आणि मागे सरतं. तोंडातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. दुसऱ्या टोकाला सुई असू शकते किंवा तो जिभेखाली अडकून पार आतड्यापर्यंत गेलेला असू शकतो. आणि लस न दिलेल्या, बाहेर हिंडणाऱ्या मांजराच्या तोंडात काटा शोधायला बोट घालणं हा आपल्याकडे रेबीजच्या दृष्टीने जुगार आहे. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करा.

आता तूप आणि सिरप. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, त्यांना माझ्यातर्फे एवढंच सांगा: खोकणाऱ्या जिवाच्या तोंडात जबरदस्तीने तेल-तूप ओतलं तर त्यातलं थोडं श्वासनलिकेत जातं, आणि स्निग्ध पदार्थ फुफ्फुसात गेला की तिथून निघत नाही. त्याचा वेगळाच न्यूमोनिया होतो. पातळ पॅराफिनच्या तेलाचंही तसंच. भाकरीवर तूप लावून तिने आपणहून चाटलं तर काही बिघडत नाही, खोकलाही थांबणार नाही.

सिरपचं प्रकरण जास्त गंभीर आहे. सर्दी-खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये पॅरासिटामॉल असतं. ते पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. माणसाची 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. रक्त चॉकलेटी होतं, ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. कोणी आधीच दिलं असेल तर लाजू नका, रागावणार कोणी नाही, पण तासाभराचाही उशीर न करता दवाखान्यात सांगा. यावर उतारा आहे आणि तो जितका लवकर मिळेल तितका चालतो. आयबुप्रोफेनही असंच घातक. छातीला लावायचा बाम, निलगिरीचं तेल, कापूर यांपैकी काहीही अंगाला लावू नका: मांजर ते चाटून पोटात घेतं. कांद्या-लसणाचा रस हा आणखी एक घरगुती सल्ला ऐकू येतो. कांदा मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो, एवढं पुरे.

डॉक्टर काय करतील? छाती ऐकतील, वजन करतील, छातीचा एक्स-रे काढतील, रक्त तपासतील. दम्याच्या एक्स-रेत श्वासनलिकांच्या भिंती जाड दिसतात, आडव्या छेदात वाटोळ्या, मेदूवड्यासारख्या. इंग्रजी पुस्तकं त्याला डोनट म्हणतात, मला मेदूवडा जवळचा वाटतो. पण दमा असलेल्या काही मांजरांचा एक्स-रे चक्क स्वच्छ येतो, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल, म्हणजे काही नाही’ असं कोणी म्हटलं तर तिथे थांबू नका. दुर्बिणीने श्वासनलिकेतला स्राव काढून तपासणं हा खात्रीचा मार्ग. त्याला भूल लागते आणि सोय मोठ्या शहरांतच सापडते. रोजच्या व्यवहारात आम्ही बहुतेक वेळा जंताचं औषध देऊन, बाकी कारणं बाजूला सारून, दम्याच्या औषधाने फरक पडतो का ते बघतो.

ते औषध म्हणजे स्टेरॉइड. हा शब्द ऐकला की लोक दचकतात, आणि थोडं दचकावंच. सुरुवात बहुधा प्रेडनिसोलोनच्या गोळीने होते आणि अनेक मांजरांचा खोकला आठवडाभरात निम्म्याने उतरतो. मग लोक गोळी बंद करतात. नका करू. खोकला थांबला तरी आतली सूज रेंगाळत असते, डोस हळूहळू उतरवायचा असतो. गोळी महिनोन्महिने चालली तर वजन वाढतं, काही मांजरांना मधुमेह होतो. म्हणून पुढचा टप्पा इनहेलर, आपल्या भाषेत पंप. होय, मांजराला पंप देता येतो. मांजरांसाठीचा खास स्पेसर, म्हणजे पंप आणि मास्कच्या मधली पोकळ नळी, मिळतो, नाही मिळाला तर तान्ह्या बाळाच्या मास्कचा स्पेसर चालतो. मास्क नाकातोंडावर धरायचा, पंप दाबायचा, आणि तिचे सात ते दहा श्वास मोजायचे. पहिल्याच दिवशी तोंडावर मास्क दाबलात तर ती जन्मभर तुमच्याकडे संशयाने बघेल. पहिले चार-पाच दिवस मास्क नुसता जमिनीवर, त्यात तिचा आवडता खाऊ. मग क्षणभर नाकाला, पुन्हा खाऊ. पंपाचा फुस्स आवाज दूरवर ऐकवायचा, पुन्हा खाऊ. एक-दोन आठवड्यांत बहुतेक मांजरं मान्य करतात. माझ्याकडे येणारा एक बोका रात्री आठ वाजता स्वतः स्पेसरच्या डब्यापाशी जाऊन बसतो. पंपावर त्याचं प्रेम नाही, नंतरच्या सुकटीवर आहे.

स्टेरॉइडचा पंप पूर्ण लागू व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, तोपर्यंत गोळी चालू ठेवतात. दुसरा, साल्ब्युटामॉलचा पंप असतो, तो झटका आला तर नळ्या मोकळ्या करायला. रोज तोच एकटा वापरायचा नाही. घरात कुणा माणसाचा पंप आहे म्हणून डॉक्टरांना न विचारता तो वापरायला घेऊ नका, मात्र आहे हे डॉक्टरांना जरूर सांगा.

जंतुसंसर्गाच्या शंकेने डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा. गोळी कोरडी देऊ नका. ती अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम होते आणि नंतर अन्ननलिका आक्रसते. गोळीनंतर सिरिंजने चार-पाच मिलिलिटर पाणी हळूहळू द्या, किंवा लगेच पातळ खाऊ.

औषधाइतकंच महत्त्वाचं घर. रात्री आणि पहाटे खोकते म्हणालात, तर रात्री त्या खोलीत काय जळतं? डासांची कॉइल असेल तर ती आजपासून बंद, जाळी लावा. संध्याकाळच्या उदबत्तीला मी नको म्हणणार नाही, पण ती ज्या खोलीत लावता तिथून चिमणीला बाहेर ठेवा, धूप-लोबान तर नक्कीच. मिरचीची फोडणी देताना आपल्यालाच ठसका लागतो, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. सिगारेट, रूम फ्रेशनर, टाल्कम पावडर, नवा रंग. तिच्या शीच्या ट्रेमधली वाळू ओतताना धुरळा उडतो का बघा. उडत असेल तर कमी धुळीची किंवा लाकडी पेलेट्सची घ्या. ओल आलेल्या भिंतीची बुरशी पावसाळाभर त्रास देते. फरशी पुसायला फिनाईल वापरत असाल तर थांबवा, ते मांजराला दम्याशिवायही विषारी आहे. दिवाळीच्या आठवड्यात माझ्याकडे खोकणाऱ्या मांजरांची रांग लागते, तेव्हा त्या दिवसांसाठी खिडक्या बंद असलेली आतली खोली आधीच ठरवून ठेवा. चिमणी गुटगुटीत असेल तर वजनही उतरवावं लागेल, जाड मांजराला तोच दमा दुप्पट जड जातो.

कच्चं चिकन देत असाल तर तेही थांबवा. खोकल्याशी थेट संबंध नसला तरी सांगतो: 2024 च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. मांजरकुळाला तो विषाणू फार वाईट लागतो. शिजवलेलं द्या, तेवढंच आवडीने खाईल.

बहुतेक लोकांच्या ओठांवर असलेला एक प्रश्न: मांजराचा दमा मुलाला लागेल का? नाही, तो संसर्ग नाही. आणि दमा बरा होतो का? मुळापासून सहसा नाही. पण ताब्यात राहतो, आणि नीट औषध चालू असलेली मांजरं म्हातारी होताना मी पाहिली आहेत.

तर या आठवड्यात: श्वास मोजा, कॉइल बंद करा, दवाखान्याची वेळ घ्या. डॉक्टर मांजरं नेहमी बघणारे असतील तर उत्तम. जाताना तीन रात्रींचे आकडे, पेस्टची आणि जंताच्या शेवटच्या गोळीची पाकिटं, आणि व्हिडिओ न्या. व्हिडिओ बाजूने काढा, चिमणीचं पूर्ण अंग दिसलं पाहिजे, नुसतं तोंड नको. ढास थांबल्यावरही दहा सेकंद चालू ठेवा, ती आवंढा गिळते का ते मला बघायचं असतं. आणि काढताना पंखा आणि टीव्ही बंद करा, नाहीतर मालिकेतल्या सासूचा आवाज येतो आणि खोकला ऐकूच येत नाही.